डावीकडचं आतलं चाक

पोलादपूर सोडलं की कशेडी घाट लागायच्या आधी एक वळण होतं. होतं असं म्हणायचं, कारण आता रस्ता रुंद झाला, वळण सरळ झालं आणि गाड्या डोंगराच्या पोटातून बोगद्यानं जातात. पण त्या काळी घाट चढणारी गाडी त्या वळणावर दम खायला थांबे, आणि घाट उतरून आलेली गाडी हुश्श करायला थांबे. वळणाच्या आतल्या अंगाला गोमाजीची चहाची टपरी होती आणि टपरीला लागून महादूचं टायरचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर चार पत्रे, एक धापा टाकणारा कॉम्प्रेसर, आणि खांबाला टांगलेला जुना टायर. त्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहिलेला — हवा.

जॅक सटकून महादूचा खांदा कामातून गेला, तेव्हापासून पाना त्याच्या लेकीच्या हातात आला. उज्वला तिचं नाव. पोरगी ट्रकची चाकं खोलते हे बघायला आधी आधी लोक उगाच चहा मागवत आणि टपरीवर रेंगाळत. नंतर त्यांनाही सवय झाली. तिची आई कमळाबाई मात्र पुष्कळ दिवस कुरकुरली, आणि मग एके दिवशी तिनंच आपली कपडे धुवायची लाकडी मोगरी लेकीला आणून दिली. हवा बघायला सगळे टायरवाले टॉमी नावाची लोखंडी सळई आपटतात, पण उज्वलाला मोगरी बरी वाटे. भरलेलं चाक मोगरीखाली ठण्ण बोलतं. हवा कमी असली की बद्द करतं. एवढ्या दोन शब्दांवर तिचं दुकान चाले.

परतीच्या पावसाचे दिवस होते. ऊन आणि सर एकाच वेळी अंगणात आलेली, आणि त्यातून एक ट्रक वळणावर येऊन थांबला. ड्रायवर खाली उतरला, तो डोक्यावर पोतं घेऊन. पोत्याखालून दोन डोळे काय ते दिसत होते.

"मागचं, डावीकडचं, आतलं," तो म्हणाला. "हवा कमी हाय म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"डबा."

उज्वलानं त्याच्याकडं नीट बघितलं. पिऊन आलाय की काय, असं तिला वाटलं. तिनं मोगरी उचलली आणि मागच्या चाकांवर ठोकली. ट्रकला मागं दोन-दोन चाकं जोडीनं असतात, एक बाहेर आणि एक आत. बाहेरचं ठण्ण बोललं. आत हात घालून आतल्यावर ठोकलं, तर तेही ठण्ण बोलल्यासारखं वाटलं.

"काही नाय झालेलं," ती म्हणाली. "जावा बिनघोर."

"डबा ओरडतोय पण."

तेव्हा त्यानं तिला केबिनमध्ये नेऊन तो डबा दाखवला. स्टेरिंगच्या शेजारी काडेपेटीएवढी खिडकी, आणि तिच्यात एकेका चाकाचा आकडा. त्याच्या शेठचा, म्हाडच्या जुल्फिकारशेठचा भाऊ मुदस्सर कतारला होता. त्यानं सुट्टीवर येताना ही वस्तू आणली होती. प्रत्येक चाकाच्या हवेच्या तोंडावर एक टोपण बसवायचं. टोपण आतली हवा मोजतं आणि बिनतारेनं डब्याला कळवतं. हवा उतरली की डबा किरकिर करतो. शेठनं एकाच गाडीला लावून बघितलं होतं, आणि ती गाडी याच्या वाट्याला आली होती.

उज्वलानं जॅक लावला. नट सोडले, बाहेरचं चाक उतरवलं, आणि आतल्या चाकावर हात ठेवला मात्र, तिला कळलं. चाक निम्मं बसलं होतं. बाहेरच्या सोबत्यानं त्याला तोलून धरलं होतं, म्हणून आवाज फसवा आला.

"तुमचा डबा खरं बोलतो," ती म्हणाली.

"डबा बोलतो," तो म्हणाला. "मलाच बोलाय जमत नाय."

ती हसली नाही. पण नट परत आवळताना एक नट तिनं दोनदा आवळला. मग विचारायचं म्हणून विचारलं, "कुठले तुम्ही?"

"नात्याचा."

नाते हे रायगडाच्या वाटेवरचं गाव, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "कुणाच्या नात्याचे?"

"अजून तरी... कुणाच्या नाय."

टपरीवरून गोमाजी खोकला. महादूनं आतून विचारलं, कोण रे पोरा तू. तेव्हा पोतं डोक्यावरून काढून त्यानं हात जोडले — "जय भीम, काका. अश्वजित." पोत्याखाली एवढे दाट केस असतील, असं उज्वलाला वाटलं नव्हतं.

चाकाची ट्यूब खिळ्यानं चांगलीच फाडली होती. दुरुस्तीला वेळ लागणार, आणि त्याला तर घाटापलीकडं लोटे गावच्या कारखान्यात माल वेळेवर टाकायचा होता. म्हणून तिनं स्टेपनी चढवली होती. खराब चाक दुकानातच ठेवलं. परत येताना न्यायचं ठरलं, आणि ट्रक घाटाला लागला. मग तिच्या ध्यानात आलं — उतरवलेल्या चाकावर ते टोपण तसंच राहिलं होतं. चाक बदललं की टोपण काढून नव्या चाकाला लावायचं, हे मुदस्सरनं त्याला बजावलं होतं, आणि हे त्यानंच तिला दिमाखात सांगितलं होतं. सांगताना तो कुठं बघत होता, तेही तिला आठवलं. ती रस्त्यावर धावत आली. पण ट्रक वळण घेऊन गेला होता, आणि रस्त्यावर नुसतं ओलं ऊन पडलं होतं.

तो परत आला तेव्हा चाक तयार होतं. नवी ट्यूब घातलेली, हवा भरलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. अश्वजितनं चाक पाहिलं, टोपण पाहिलं, आणि म्हणाला, "राहू दे इथंच. पुढच्या फेरीला नेईन."

पुढच्या फेरीलाही तो तेच म्हणाला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. महादूला हे काही पटेना. बिनस्टेपनीचा घाट चढतो, याचं डोकं ठिकाणावर नाय, असं तो गोमाजीला सांगे. गोमाजी म्हणे, डोकं ठिकाणावर हाय रे, ठिकाण तेवढं तुझ्या दुकानात हाय. महादूला विनोद उशिरा कळत. हा तर कळलाच नाही.

पावसाळा सरला. भात कापून झालं, सावित्रीचं पाणी निवळलं, सकाळी घाटातून धुकं उतरायला लागलं. त्या धुक्यातून आधी हॉर्न येई, दोनदा, आखूड. मग दिवे येत. मग तो. चहा गोमाजीकडं घ्यायचा, पण कप हातात धरून उभं राहायचं टायरच्या दुकानात. 'तुम्ही' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं, ते दोघांनाही कळलं नाही. तो सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर मालासकट गाडी लावून आंघोळ कशी केली ते सांगे, हिरकणीवाडीला मावशीच्या भाकरीच्या टपरीवर पर्यटकांनी पिठल्याला कोणती कोणती नावं ठेवली ते सांगे. ती हसे, आणि हसताना हातातल्या पान्याकडं बघे.

एक गोष्ट मात्र तिला उमजत नव्हती. गाडीतून उतरता उतरताच तो म्हणे, "आज त्या चाकात हवा जरा कमी हाय." ती मोगरी ठोकून बघे, तर खरंच आवाज किंचित उतरलेला असे. त्या टोपणाखालून हवा जरा जरा झिरपत असे, म्हणून ती एक दिवसाआड चाक भरून ठेवी. कधी कामाच्या गडबडीत राहून जाई. आणि नेमकं त्याच दिवशी हा बोले.

"तुला कसं कळतं?"

"मला इथवर आवाज येतो."

"न ठोकता?"

"डावीकडचं, आतलं," तो छातीवर बोट ठेवून म्हणाला. "तिथं कमी झालं की लगेच कळतं."

"चल, कायपण," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं त्या चाकाची हवा एकदाही उतरू दिली नाही. उद्या तो येणार असला की आदल्या संध्याकाळी ती मोगरी घेऊन चाकापाशी जाई. ठण्ण आवाज ऐकल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे.

माघाच्या सुमारास ती एक नवं काम शिकत होती. ट्रकच्या रिमला तेव्हा एक लोखंडी रिंग असे. टायर चढवला की ती रिंग खाचेत ठोकून बसवायची. नीट बसली नाही आणि हवा भरली, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. म्हणून महादू त्या कामाला तिला हात लावू देत नसे. दुखऱ्या खांद्यानं, दात खाऊन, स्वतःच करी. उज्वला हट्टाला पेटली होती. आणि एका सकाळी तिनं रिंग अशी बसवली, की महादूनं चारी बाजूंनी बोटं फिरवली तरी कुठं फट लागेना. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला, की तो तडक टपरीवर गेला आणि गोमाजीला म्हणाला, "उज्वलाचं जमलं एकदाचं. आता माझ्या जिवाचा घोर गेला."

गोमाजीनं त्याला फुकट चहा पाजला. आणि दुपारी अश्वजितचा ट्रक आला, तेव्हा उज्वला आईबरोबर बाजाराला गेलेली. गोमाजीनं त्याला मोठ्या जड मनानं बातमी दिली. पोरा, उशीर केलास. उज्वलाचं जमलं. बापच सांगत होता.

'जमलं' हा शब्द असा हाय. भाकरी फुगली तरी जमलं, आणि लग्न ठरलं तरी जमलंच. पण बाप पोरीबद्दल म्हणतो आणि जिवाचा घोर गेला म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं भाकरी समजायची की लग्न?

उज्वलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की पुढच्या फेरीला हॉर्न वाजला नाही. धुक्यातून दिवे आले, वळणावर जरासे मंदावले, आणि निघून गेले. तिला वाटलं, घाई असेल. परतीच्या वेळीही ट्रक तसाच गेला. त्याच्या पुढच्या फेरीला ती दाराबाहेर येऊन उभी राहिली, हातात मोगरी. तो समोर बघून गाडी चालवत होता. मान इतकी ताठ, जणू मागून कुणी धरली होती.

मग तिनं बाहेर यायचं सोडलं. हवा भरायचं मात्र सोडलं नाही. कमळाबाईनं एकदा विचारलं, गो, ज्याचं चाक त्याला नको, तू कशाला त्याची एवढी काळजी करतेस? उज्वला म्हणाली, उभं चाक रिकामं राहिलं की टायर चिरतो. हे खरंच होतं. तेवढंच खरं नव्हतं.

होळी जवळ आली होती. पळस फुलले होते, आणि घाटातून उन्हाच्या झळा यायला लागल्या होत्या. अशा एका दुपारी, पुन्हा सुट्टीवर आलेला जुल्फिकारशेठचा भाऊ मुदस्सर जीप घेऊन आला. खेडला सासुरवाडीला गेला होता, तिथून म्हाडला परत चालला होता. हवा भरून घ्यावी म्हणून थांबला, आणि भिंतीपाशी टेकवलेलं चाक बघून हसायला लागला.

"हेच का ते? अरे वा. टोपण जिवंत हाय अजून?"

उज्वला म्हणाली, तुमचा ड्रायवर न्यायलाच तयार नाय.

"तो कशाला नेईल? त्याला इथून जाताना आकडा दिसतो ना."

"कसला आकडा?"

मुदस्सरला वाटलं, हिला माहीत असणारच. त्यानं सरळ सांगून टाकलं. टोपण गाडीवर असो नाहीतर भिंतीला टेकलेलं असो, ते आपलं बोलतच राहतं. डबा जवळ आला की ऐकतो. म्हाडपासून इथवर अश्वजितच्या डब्यात त्या चाकाच्या जागी नुसती रेघ दिसते. या वळणावर आला की रेघ जाते आणि आकडा उगवतो. वळण सुटलं की परत रेघ. "मला म्हणाला, मुदस्सरभाई, राहू दे ते टोपण तिथंच. आख्ख्या रस्त्यात मला तेवढा एकच आकडा बघायचा असतो."

कॉम्प्रेसरची नळी उज्वलाच्या हातात तशीच फुसफुसत राहिली. म्हणजे आवाज येत नव्हता त्याला. लबाड. तिनं आदल्या संध्याकाळी भरलेली हवा तो रोज त्या खिडकीत वाचत होता. आणि तिला वाटत होतं, चाकापाशी उभं राहून आपण काय करतो ते कुणाला ठाऊक नाही.

"आता काय उपयोग म्हणा," मुदस्सर जीपकडं वळत म्हणाला. "तुझं लग्न ठरल्यापासून पार कोमेजला पोरगा. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर कतारला, तिथं ड्रायवर पाहिजेत. हो म्हणाला. आजची ही त्याची शेवटची फेरी. लोट्याहून निघालाय, येईलच मागून. म्हाडला ट्रक लावला की संध्याकाळी माझ्याच जीपमधून मुंबईला."

"माझं लग्न? कुणाशी?"

मुदस्सर गोमाजीकडं बघायला लागला. गोमाजी महादूकडं. महादू म्हणाला, मी कधी म्हटलं? गोमाजी म्हणाला, तूच नाय का म्हणालास, उज्वलाचं जमलं म्हणून. महादूनं कपाळावर हात मारला. "अरे, रिंग! रिंग बसवायचं जमलं!"

मुदस्सर इतका हसला, की त्याला जीपचा आधार घ्यावा लागला. मग उज्वलाचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. मी सांगतो त्याला म्हाडला, तू काळजी करू नको, असं तो म्हणाला. पण ती म्हणाली, नको. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं म्हणून तर हे सगळं झालं.

"मग थांबव त्याला."

"तो थांबत नाय."

"मग बघ बाई तुझं तू," मुदस्सर म्हणाला, आणि गेला.

ट्रकच्या आडवी जाऊन उभी राहिली असती, तर तो थांबला असता. पण ब्रेक काय, कुणीही आडवं आलं तरी लागतो, म्हशीसाठीही लागतो. तिला तसा थांबलेला नको होता. तिनं घाटाकडं कान लावला. वरच्या टप्प्यावर एक इंजिन उतारावर कण्हत होतं. तो आवाज तिला ओळखीचा होता.

ती चाकापाशी गेली. टोपण फिरवून काढलं. एवढे दिवस जिला जपलं, ती हवा... तिच्या हातांना क्षणभर ते करवेना. मग तिनं वॉल्वमधली पिन सोडवली. चाकानं लांब, थंड सुस्कारा सोडला. जमिनीवरची धूळ तिच्या पायांवर आली. आतून महादू ओरडला, अगो काय करतेस. हवा संपली, तसं तिनं टोपण परत बसवलं, घट्ट, आणि चाकाशेजारी उभी राहिली. रस्त्यावर गेली नाही.

ट्रक वळणावर आला. मंदावला. आणि रोजच्यासारखा पुढं गेला.

टपरी मागं पडली. पिंपळ मागं पडला. आणखी जरासा पुढं गेला असता, की डब्यातली किरकिर आपोआप बंद झाली असती, रेघ आली असती, आणि सगळं शांत झालं असतं. उज्वला मोगरी घट्ट धरून उभी होती.

पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपाशी ट्रकचे मागचे लाल दिवे लागले.

मग तो आख्खा, मालाचा, अवाढव्य ट्रक महामार्गावरून उलटा यायला लागला. मागून येणारी एसटी भोंगा वाजवायला लागली. गोमाजी रस्त्यात जाऊन दोन्ही हातांनी एसटीला थांबवायला लागला. अश्वजितनं ट्रक कसातरी कडेला लावला आणि उडी मारली. केबिनमध्ये डबा अजून ओरडत होता.

"हवा कुणी काढली?" तो म्हणाला.

"मी."

"का?"

तिनं चाकाकडं बोट केलं. तो चाकाकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "रोज भरलेलं दिसायचं. मला वाटायचं... असू दे, सुखात हाय. आपण गेलो तरी काय बिघडत नाय. आज एकदम शून्य दिसलं. मला वाटलं, तुला काय झालं की काय."

"तुला तर आवाज येतो ना, न ठोकता?"

त्याचे कान लाल झाले. "मुदस्सरभाईंनी सांगितलं?"

"सगळं सांगितलं. लबाडा." तिनं मोगरी त्याच्या हातात दिली. "घे. आज ठोकून बघ, आणि सांग काय म्हणतंय."

त्यानं ठोकलं. चाक बद्द बोललं.

"काय म्हणतंय?"

"हवा गेली म्हणतंय."

"कधी गेली?"

"आत्ता."

"नाय," ती म्हणाली. "ज्या दिवशी तू हॉर्न न वाजवता गेलास, त्या दिवशी गेली. मी नुसतं वरून भरत होते."

मोगरी त्याच्या हातात तशीच राहिली. मोरीवरून वारा आला, पिंपळाची चार कोवळी पानं सळसळली.

"पण तुझं तर... लग्न..."

"रिंग बसवायचं जमलं रे माझं. रिंग! टायरची!" तिनं भिंतीकडं हात केला. तिथं तिनं रिंग बसवलेलं दुसरं एक चाक उभं होतं. "गोमाजीकाका आणि बाबा, दोघांच्या मधे चहाचा एक कप होता. तेवढ्यात माझं लग्न झालं."

तो आधी हसला नाही. आधी त्यानं डोळे मिटले, घाट उतरून खाली आल्यावर ड्रायवर मिटतो तसे. मग हसला. एवढ्या दिवसांचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं.

"मुदस्सरभाई म्हाडला वाट बघतायत," तो म्हणाला. "त्यांना आता काय सांगू?"

"सांग, बिनस्टेपनीचं माणसानं एवढ्या लांब जाऊ नये."

"मग स्टेपनी देशील?"

"चाक तुझंच हाय. तू नेत नव्हतास." ती खाली बघून म्हणाली. "आधी हवा भरावी लागेल."

त्यानं नळी ओढून आणली. तिनं टोपण काढून पिन बसवली. कॉम्प्रेसर धापा टाकत सुरू झाला आणि चाक हळूहळू भिंतीपाशी ताठ उभं राहायला लागलं. दोघांचे हात एकाच नळीवर होते, आणि काढून घ्यायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मग तिनं टोपण फिरवून लावलं. केबिनमधली किरकिर थांबली.

त्या शांततेत महादू खांदा चोळत बाहेर आला. एसटी का अडकलीय, गोमाजी रस्त्यात का नाचतोय, ट्रक उलटा का आला, त्याला कशाचा काही पत्ता लागेना. त्यानं लेकीकडं बघितलं, मग त्या पोराकडं, मग दोघांच्या हातातल्या एका नळीकडं.

"काय झालं गो?" त्यानं विचारलं.

उज्वलानं मोगरी घेऊन चाकावर ठोकली. ठण्ण.

"जमलं, बाबा," ती म्हणाली.

महादू चाकापाशी वाकला आणि बोटं फिरवून रिंग कुठं सैल हाय का ते बघायला लागला.